खोल पाणी, खोल गेलेले डोळे

ठाण्याजवळच्या येऊरच्या ओढ्यात निवळ पाण्याचा डोह काठावरून कमरेइतकाच वाटतो. प्रत्यक्षात तो जास्त खोल असतो. तळाकडून येणारा प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो, पण मेंदू तो सरळच आला असं धरून चालतो. त्यामुळे तळ वर उचलल्यासारखा दिसतो. अगदी वरून पाहिलं तर ४ फूट पाणी ३ फूट भासतं, आणि काठावरून तिरकं पाहिलं तर त्याहूनही उथळ. म्हणजे काठावर उडीच्या तयारीत उभा असलेला पोरगाच सर्वांत जास्त फसतो.

ठाण्याच्या खाडीत गाळामुळे तळ दिसतच नाही. शिवाय मोठ्या उधाणाला पाणी ओहोटीपेक्षा ४ मीटरहून वर चढू शकतं. सकाळी फ्लेमिंगो जिथे चिखलात चरत होते, तिथे दुपारी होडी चालते. म्हणूनच कोळ्यांनी खोली डोळ्यांवर सोडली नाही, ती वावांत मोजली. वाव म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांची लांबी.

मराठीत 'खोल' हा शब्द पाण्यापुरताच नाही, पण सगळीकडे चालतही नाही: झोप गाढ, रंग गडद, पण जखम खोल, आवाज खोल गेलेला आणि डोळेही खोल गेलेले. यातल्या शेवटच्याकडे पावसाळ्यात नीट लक्ष द्यायला हवं. जुलाब लागलेल्या लेकराकडे पाहून घरातली मोठी माणसं 'डोळे बघ किती खोल गेलेत' म्हणतात, तेव्हा ती अचूक निदान करत असतात. शरीरातलं पाणी घटलं की डोळ्यामागच्या ऊतींतलंही घटतं आणि बुबुळासकट सगळा डोळा खोबणीत मागे सरकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुलाबाच्या तपासणीतही हे लक्षण आहे. पाण्याकाठी फसणारी नजर इथे बरोबर ठरते.

सोबत पोटाच्या कातडीला हलका चिमटा घेऊन सोडावा. कातडी सावकाश पूर्ववत झाली तर ओआरएस (ग्लुकोज आणि क्षारांचं द्रावण) लगेच, घोटाघोटाने सुरू करावं. त्यातलं ग्लुकोज आतड्याच्या भिंतीतून सोडियमला सोबत घेऊन आत शिरतं आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शोषलं जातं. नुसत्या पाण्याने हे साधत नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच द्रावणावर कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. पण डोळे खोल गेलेले असताना चिमटा मिटायला २ सेकंद किंवा जास्त लागले, मूल मलूल पडलं किंवा पाणी पिईना, तर शिरेतून सलाइनच लागतं. तेव्हा थेट रुग्णालय गाठावं.