पार्श्वभूमी : 'फायबरच्या' बोटीतलं लाकूड

अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकातली अठरा-वीस फुटी मोटरबोट, पुढे दोन माणसं कशीबशी आडवी होतील एवढी केबिन असलेली, आजही ट्रेलरसकट स्वस्तात मिळते. कधीकधी तर 'घेऊन जा बाबा एकदाची' म्हणून फुकटही. ती घ्यावी का, हा प्रश्न निघाला की गाडी हटकून एका शब्दावर अडते. बोट फायबरची आहे, ती कुजत नाही, असं विकणारा सांगतो आणि घेणारा मान डोलावतो.

फायबर म्हणजे काचेचे तंतू आणि त्यांना धरून घट्ट होणारी पॉलिएस्टर रेझिन नावाची चिकट राळ. ही जोडी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जमली. १९४२ मध्ये ओहायोत या पद्धतीची एक लहान शिडाची बोट तयार झाली होती. पन्नाशीच्या दशकात साच्यातून बोटी निघू लागल्या आणि दर मोसमात लाकडी बोटीच्या फटी भरण्याची कटकट संपली. हे नवं द्रव्य किती टिकेल याचा अंदाज नसल्याने सुरुवातीच्या कारागिरांनी हात सैल सोडून थर दिले. पन्नाशीच्या दशकारंभीच्या एका सरकारी गस्ती बोटीचे तुकडे दहा आणि वीस वर्षांनी कापून तपासले, तेव्हा ताकद फारशी घटलेली आढळली नाही. म्हणजे बाहेरचं कवच खरोखरच टिकतं. पृष्ठभागावरचे फोड हा पुढे बराच गाजलेला आजार. पण तो मुख्यतः बारा महिने पाण्यात उभ्या असणाऱ्या बोटींचा. ट्रेलरवर अंगणात राहणाऱ्या बोटीच्या वाट्याला तो क्वचितच येतो.

घोळ आहे तो कवचाच्या आत. मोटर जिथे टांगतात ती मागची उभी भिंत, म्हणजे ट्रान्सम, ही फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये दाबलेली प्लायवुड असते. तळाच्या लांब तुळया, ज्यांना स्ट्रिंगर म्हणतात, लाकडाच्या. पायाखालची जमीन पुन्हा प्लायवुडची. सगळ्यावर फायबरचा लेप, म्हणून सगळी बोट 'फायबरची'. पॉलिएस्टर रेझिन लाकडाला मनापासून चिकटत नाही. त्यातून कोणी शिडी बसवायला, कोणी खोली मोजणारं यंत्र लावायला स्क्रू पिळतो, भोक बुजवायचं राहून जातं आणि तिथून पाणी लाकडात मुरतं. पाणी काढून टाकायचं खालचं भोक तर बऱ्याचदा कारखान्यातूनच उघड्या प्लायवुडच्या कडेसह आलेलं असतं. आपल्या किनाऱ्यावर जुन्या लाकडी होडीवर फायबर चढवतात, तेव्हा आत लाकूड आहे हे निदान सगळ्यांना ठाऊक असतं.

यात भर पडली ती फोमची, म्हणजे बोट तरंगती राहावी म्हणून आत भरलेल्या हलक्या, फेसासारख्या द्रव्याची. अमेरिकेत बोटींच्या सुरक्षिततेचा केंद्रीय कायदा १९७१ मध्ये आला. नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक नव्या बोटीच्या मागच्या बाजूला बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक आला. तो नसेल तर बोट बहुधा त्याआधीची. १९७८ पासून वीस फुटांखालच्या बहुतेक बोटींसाठी तरंगण्याचा कडक नियम लागू झाला: बाहेर टांगलेल्या मोटरची बोट पाण्याने भरली तरी साधारण आडवी राहिली पाहिजे, म्हणजे माणसांना तिला धरून राहता येईल. त्याआधी अनेक बोटी नाक वर करून उभ्या राहत आणि माणसं निसटत.

या नियमाला जुन्या बोटींचे शौकीन आजही शिव्या घालतात. त्यांचं म्हणणं, याच्यामुळे जमिनीखाली फोम ओतला गेला आणि बोटी आतून सडल्या. मला हा आरोप अर्धवट वाटतो. नियमाने परिणाम मागितला होता. फोम कुठे आणि कसा घालायचा हे बांधणाऱ्यावर होतं. तुळयांच्या मधल्या पोकळीत फोम ओतणं स्वस्त, झटपट, वर तळालाही कडकपणा येतो, म्हणून तो तिथे गेला. पाणी वाहून जायला वाट ठेवायची की नाही, हाही कारखान्याचाच निर्णय. पुष्कळांनी ठेवली नाही. शिवाय नियमाच्या आधीही बऱ्याच बोटींत फोम भरलेला असायचाच, त्यामुळे 'नियमाच्या आधीची घ्या' हा सल्ला तितकासा कामाचा नाही.

हा फोम बंद पेशींचा, म्हणजे एकमेकांना न जोडलेल्या बारीक बुडबुड्यांचा, पाणी पीत नाही असं म्हणतात. नवा असताना खरंही आहे. पण वर्षानुवर्षं पाण्यात बसला की कडांपासून पाणी शिरत जातं. घनफूटभर कोरडा फोम दोन पौंडांच्या आसपास भरतो आणि साधारण साठ पौंड उचलून धरतो. तोच पाण्याने गच्च झाला की उचलणं संपतं आणि वजन तेवढं वाढतं. म्हणून जाणकार बोट ट्रेलरसह वजनकाट्यावर नेतात, ट्रेलरचं वजन वजा करतात आणि मूळ माहितीपत्रकातल्या आकड्याशी ताडून पाहतात. दोन-चारशे पौंड जास्त निघाले, तर जमिनीखाली काय आहे ते न उचकटता कळतं.

ट्रान्समसाठी प्लास्टिकची हातोडी. चांगल्या जागी आवाज टणक येतो, कुजक्या जागी 'भद' असा. मोटरचा खालचा भाग धरून वरखाली हलवला आणि भिंत सोबत लवली, तर हातोडीचीही गरज नाही. शंका उरलीच तर आतल्या बाजूने, खाली, बारीक भोक पाडतात. कोरडा पिवळसर भुसा आला तर ठीक. उकळून टाकलेल्या चहाच्या चोथ्यासारखं काळपट, ओलं काही आलं, तर ट्रान्सम नवा करायचा खर्च किमतीतून वजा करायचा, आणि अशा बोटींच्या बाबतीत तो खर्च बहुधा किमतीहून मोठा निघतो.

नव्वदच्या दशकात बऱ्याच उत्पादकांनी लाकूड पूर्णपणे काढून टाकलं आणि 'लाकूडविरहित' हा नवा शब्द आला. आता जुन्या बोटींच्या जाहिरातींतही तो दिसतो. अशा वेळी ट्रान्सम बदलल्याची पावती मागावी. ती नसेल, तर भोक पाडू देतात का ते विचारावं.