आवाज आधी पोहोचतो, गोळी नंतर

दोनशे मीटरवर पोलादाची थाळी टांगलेली आहे. तुम्ही पालथे झोपून श्वास सोडता आणि चाप हळूच ओढता. खांद्याला धक्का जवळजवळ लागतच नाही. मग काहीच होत नाही. नेम चुकला की काय, असं मनात येईपर्यंत लांबून ‘टण्’ ऐकू येतं. चाप ओढल्यापासून ऐकू येईपर्यंत सुमारे १.३ सेकंद गेलेले असतात. त्यातले ०.७ सेकंद गोळीला जायला लागतात आणि जवळपास ०.६ सेकंद थाळीचा आवाज परत यायला. म्हणजे बंदुकीचा आवाज त्या थाळीपाशी गोळीच्या आधी पोहोचतो!

ही अवस्था आहे ‘पॉइंट टू-टू’ची, म्हणजे .२२ लाँग रायफल या काडतुसाची. लांब पल्ल्याच्या सरावासाठी रिमफायर रायफल घ्यायची ठरवलेला माणूस हे ऐकून साहजिकच विचारतो, की एवढी संथ गोळी कशाला? वेगवान कॅलिबरं (नळीच्या व्यासानुसार ओळखले जाणारे काडतुसांचे प्रकार) असताना हे का घ्यायचं? माझं उत्तर बहुतेकांना उलटं वाटतं. सराव करायचा असेल, तर हेच संथ काडतूस घ्या, आणि त्यातही वेगवान प्रकार टाळा. त्यामागचं भौतिकशास्त्र समजून घेण्यासारखं आहे.

आधी रिमफायर म्हणजे काय ते पाहू. एकदा झाडलेलं .२२ चं रिकामं काडतूस तळहातावर घ्या. बूड गुळगुळीत असतं, मधोमध टिकली नसते. काठावर मात्र नखाने दाबल्यासारखी एक छोटी चौकोनी खूण दिसते. पितळेची ती कड आतून पोकळ असते आणि ठिणगी देणारं स्फोटक मिश्रण तिच्यात भरलेलं असतं. रायफलीतली पिन ही कड चिरडते, मिश्रण पेटतं आणि त्याने आतली दारू पेटते. कड चिरडली जायची, तर पितळ पातळ हवं. पितळ पातळ ठेवलं की जास्त दाब सोसत नाही. .२२ लाँग रायफलची दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला २४,००० पौंड आहे, तर .३०८ विंचेस्टरसारख्या सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मधोमध ठिणगीची टिकली असलेल्या काडतुसाची ६२,०००. रिमफायर गोळ्या हलक्या आणि मर्यादित ताकदीच्या का असतात, याचं मूळ त्या पातळ कडेत आहे. आणखी एक परिणाम नेमबाजाच्या रोजच्या अनुभवातला आहे. एकदा चेपलेली कड पुन्हा भरता येत नाही. सेंटरफायरवाला घरी बसून दारूचा एकेक कण तोलून आपली काडतुसं स्वतः भरू शकतो. रिमफायरवाल्याला कारखान्याने जे डबीत घातलं तेच वापरावं लागतं. कॅलिबर निवडताना हा मुद्दा वेगाइतकाच, किंबहुना जास्त महत्त्वाचा ठरतो.

उमेदवार फार नाहीत. .२२ लाँग रायफल १८८७ सालची. .२२ मॅग्नम १९५९ मध्ये विंचेस्टरने आणली. २००२ मध्ये हॉर्नाडीने त्याच मॅग्नमची मान आवळून तिच्यात १७ ग्रेनची, म्हणजे जेमतेम १.१ ग्रॅमची गोळी बसवली आणि .१७ एचएमआर तयार झालं. यांतलं सर्वांत नवं आणि सर्वांत जोरकस .१७ विंचेस्टर सुपर मॅग्नम. काँक्रीटमध्ये खिळे ठोकणाऱ्या यंत्राच्या काडतुसावरून ते बेतलेलं आहे, म्हणून त्याचं पितळ जाड आहे.

आता वाऱ्याकडे वळू, कारण लांब पल्ल्याचा खरा प्रतिस्पर्धी तोच. बहुतेकांची समजूत अशी असते, की गोळी जितका वेळ हवेत राहील तितका वेळ वारा तिला ढकलत राहणार, म्हणून वेगवान गोळी कमी सरकणार. समजूत सरळ आहे, पण चुकीची. फिरकी घेत जाणारी गोळी अंगावर येणाऱ्या हवेकडे नाक करून उडते. आडवा वारा असला की ते नाक वारा येतो त्या बाजूला किंचित वळतं. मग हवेचा रोध गोळीला नुसता मागे खेचत नाही, थोडा बाजूलाही ओढतो. म्हणजे गोळी सरकते ती रोधामुळे. रोधच नसता, तर वाराही नसल्यासारखाच. म्हणून हिशोब एकूण वेळेचा करायचा नसतो, उशिराचा करायचा असतो. निर्वात पोकळीत गोळीला जेवढा वेळ लागला असता, त्यापेक्षा हवेत किती जास्त लागला? तेवढ्या उशिराला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणलं की गोळी किती सरकली ते मिळतं.

हे .२२ लाँग रायफलला लावून पाहू. साध्या वेगाची ४० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ३२६ मीटर वेगाने निघते. शंभर मीटरपर्यंत तिला होणारा उशीर साधारण ०.०२२ सेकंद. त्याच वजनाची ‘हाय व्हेलॉसिटी’ गोळी ३८० मीटरच्या आसपास निघते. ती शंभर मीटर लवकर गाठते खरी, पण तिचा उशीर ०.०३२ सेकंदांच्या घरात जातो. ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात संथ गोळी सुमारे १० सेंटिमीटर सरकते आणि वेगवान गोळी १४ ते १५. आकडे ढोबळ आहेत, पण फरक खरा आहे. एकाच रायफलीतून, एकाच दिवशी दोन डब्या झाडून कागदावर पाहिलं की विश्वास बसतो.

असं होण्याचं कारण ध्वनीचा वेग. २० अंश सेल्सिअसला तो सेकंदाला ३४३ मीटर असतो. गोळी ध्वनीच्या वेगाच्या आसपास असते तेव्हा तिच्यापुढची हवा बाजूला व्हायला पुरेसा अवधी मिळत नाही, आघाततरंग तयार होतात आणि रोध एकदम वाढतो. वेगवान .२२ नेमकी याच पट्ट्यातून प्रवास करते आणि आपला जास्तीचा वेग पहिल्या शंभर मीटरमध्येच गमावून बसते. शिवाय ध्वनीचा वेग ओलांडून खाली येताना ती थोडी डगमगते, आणि ती डगमग प्रत्येक गोळीची वेगळी असते. संथ गोळी ध्वनीच्या किंचित खालूनच सुरुवात करते आणि शेवटपर्यंत खालीच राहते. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा. थंडीत ध्वनीचा वेग कमी होतो. शून्य अंशाला तो ३३१ मीटर, म्हणजे ३२६ मीटरवाल्या गोळीला कडाक्याच्या थंडीत ती सीमा अगदी हाताशी येते.

मग .१७ एचएमआर? नळीच्या तोंडाशी सेकंदाला ७७७ मीटर, संथ .२२ च्या दुपटीहून जास्त! दोनशे मीटरवर संथ .२२ नळीच्या रेषेपासून दोन मीटरहून अधिक खाली येते, हिला त्याचा चौथा हिस्साही लागत नाही. पण वाऱ्यात? गोळी इतकी हलकी, की तो वेग झपाट्याने उतरतो. १६ किलोमीटरच्या त्याच वाऱ्यात दोनशे मीटरवर दोघीही साधारण ४० ते ५० सेंटिमीटरच्या दरम्यान सरकतात, आणि एचएमआर उलट थोडी जास्तच. त्या अंतराच्या पुढे ती ध्वनीच्या पट्ट्यात शिरते. शंभर-दीडशे मीटरवर वारा पडलेला असताना ती फार सुरेख चालते, हे मान्य. पण तिथून पुढे जायचं, तर ती तुमच्याकडून उंचीचं गणित काढून घेते आणि वारा आहे तसा ठेवते.

.२२ मॅग्नमबद्दल थोडक्यात. वारा हिलाही वेगवान .२२ इतकाच हलवतो, आणि हिची काडतुसं मुख्यतः शिकारीसाठी बनतात, स्पर्धेसाठी नाही. .१७ सुपर मॅग्नम मात्र प्रामाणिक अपवाद आहे. सेकंदाला ९०० मीटरच्या वर निघणारी २० ग्रेनची गोळी वाऱ्यात या सगळ्यांना मागे टाकते. अडचण एवढीच, की तिच्या काडतुसांचे आणि रायफलींचे प्रकार मोजके आहेत. मी तिला सरावाची रायफल म्हणणार नाही.

कारण सरावात मोजायचा असतो एकसारखेपणा, आणि तिथे .२२ लाँग रायफलच्या जवळपास कोणी येत नाही. ऑलिम्पिकमधली ५० मीटर रायफल स्पर्धा याच काडतुसावर खेळली जाते, आणि तिथलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. त्या वर्तुळासाठी एली टेनेक्स, लापुआ सेंटर-एक्स अशी काडतुसं घडली. लांब पल्ल्यावर एकसारख्या वेगाची किंमत किती, ते पाहा. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असला, तर ५० मीटरवर तो सेंटिमीटरच्या आत असतो. दोनशे मीटरवर तोच फरक उभ्या रेषेत दहा सेंटिमीटरच्या पलीकडे जातो. तिथे वाऱ्याचा, हाताचा, नजरेचा काहीच दोष नसतो. डबीचा असतो.

म्हणून रायफल घेतल्यावर चार-पाच प्रकारची साध्या वेगाची काडतुसं थोडी थोडी आणा, आणि प्रत्येक डबीवरचा लॉट क्रमांक, म्हणजे कारखान्यातल्या खेपेचा क्रमांक, लिहून ठेवा. एकाच नावाचे दोन लॉट एकाच नळीत वेगळे वागतात. काडतूस बदललं की पहिल्या काही गोळ्या हिशोबात धरू नका. गोळीवरच्या मेणाचा थर नळीत नव्याने बसायला तेवढ्या लागतात. ५० मीटरवर सगळेच प्रकार चांगले दिसतील, त्यावर निकाल देऊ नका. वारा पडलेला असेल अशा पहाटे शंभर किंवा दीडशेवर दहा-दहा गोळ्या झाडा आणि कागदावर आडवी नाही, उभी लांबी मोजा.

स्कोपची, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीची, बैठकही लक्षात घ्या. ५० मीटरवर नेम जुळवला असेल, तर दोनशेसाठी स्कोप पंचवीस मिनिटांहून जास्त वर फिरवावा लागतो (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). अनेक स्कोपमध्ये तेवढी जागाच उरत नाही, म्हणून वीस मिनिटं पुढे झुकलेली बैठक लावतात. आणि थाळीच्या मागे मातीचा उंच बांध असल्याशिवाय यातलं काहीच करू नका. ही गोळी संथ असली, तरी नळी वर असताना दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते.

संथ गोळीचा एक फायदा कोष्टकात दिसत नाही. सूर्य पाठीशी असेल आणि स्कोप चांगला असेल, तर .२२ ची गोळी जाताना दिसते. एक राखाडी ठिपका वर चढतो, क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, मग वाऱ्याकडून बाजूला कलत थाळीवर उतरतो. वारा मधल्या शंभर मीटरवर वेगळा होता, हे तो ठिपका डोळ्यांदेखत दाखवून जातो.