लाल डोळा आणि त्यामागचा इतिहास

पावसाळा लागला की मुंबईत डोळे येतात. केमिस्टकडे 'लाल डोळ्याचे ड्रॉप्स द्या' म्हटलं की बाटली हातात पडते, आणि बहुतेकांचे डोळे आठ-पंधरा दिवसांत निवळतात. पण त्यातला एखादा डोळा वेगळा असतो. चिपडं धरत नाहीत, मात्र उजेड सोसत नाही, आतून ठणकतं, धूसर दिसतं. हा युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थराचा दाह. 'डोळे आलेत' या एका शब्दाखाली तो आजही झाकला जातो आणि त्यापायी नजर जाते, याचं फार वाईट वाटतं.

युव्हिया हे नाव लॅटिनमधल्या द्राक्षावरून पडलं. वरचं पांढरं आवरण काढलं की आतला काळसर गोळा सोललेल्या द्राक्षासारखा दिसतो. या थराला सूज येते तेव्हा रंगीत पडदा मागच्या भिंगाला चिकटतो, बाहुली वेडीवाकडी होते; पुढे मोतीबिंदू, काचबिंदू, डोळ्यामागच्या पडद्याला (रेटिनाला) सूज.

हे सगळं जिवंत डोळ्यात नीट दिसू लागलं ते स्वीडिश नेत्रतज्ज्ञ गुलस्ट्रँड यांनी 1911 मध्ये स्लिट लॅम्प आणल्यावर. हनुवटी टेकवून बसलेल्या रुग्णाच्या डोळ्यात उजेडाची बारीक पट्टी सोडली की तिच्यात पांढऱ्या पेशी तरंगताना दिसतात, कवडशात धुळीचे कण दिसावेत तशा. दिसलं तरी औषध कुठे होतं? अ‍ॅट्रोपीन घालून बाहुली मोठी ठेवायची, म्हणजे रंगीत पडदा भिंगाला चिकटत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर दाह ओसरावा म्हणून टायफॉइडची लस टोचून मुद्दाम ताप आणत. 1948 मध्ये अमेरिकन डॉक्टर हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं, 1950 मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं, आणि त्याच सुमारास डोळ्यांसाठीही ते वापरलं जाऊ लागलं. कितीतरी डोळे वाचले. पण तेच स्टेरॉइडचे ड्रॉप्स जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन् महिने घातले तर डोळ्याचा दाब गुपचूप वाढतो.

मुंबईच्या बाबतीत या इतिहासाला आणखी दोन धागे आहेत. पहिला क्षयाचा. 1880 मध्ये इंग्लिश डॉक्टर हेन्री इल्स यांनी तरुणांच्या डोळ्यात वारंवार होणाऱ्या रक्तस्रावाचं वर्णन केलं. दोनच वर्षांनी कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. इल्सचा आजार भारतात जास्त दिसतो आणि त्याचं क्षयाशी नातं असल्याचं मानलं जातं. शिवडीचं क्षयरोग रुग्णालय ज्या शहरात आहे, तिथे डोळ्यांच्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे मागितला तर बिचकू नये.

दुसरा धागा पुराच्या पाण्याचा. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापात डोळाही सुजतो, हे जर्मन डॉक्टर वाइल यांनी 1886 मध्येच नोंदवलं होतं. 1993 च्या पुरानंतर मदुराईत अशा रुग्णांची रीघ लागली. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि पाठोपाठ लेप्टोची साथ आली. यात डोळा दुखतो तो कधीकधी ताप उतरून कित्येक महिने झाल्यावर, तो ताप घरात कुणाच्या लक्षातही नसताना. म्हणून दिवाळीच्या सुमारास लाल डोळा घेऊन आलेल्याला डॉक्टर विचारतात, "पावसाळ्यात ताप आला होता का? गुडघाभर पाण्यातून चालत घरी गेला होतात?"