वेदनाग्रहण (मज्जासंस्थेतलं)

शरीराला इजा होतेय किंवा होऊ शकते याची खबर मज्जासंस्था कशी पकडते, पुढं कशी नेते आणि वाटेत तिच्यात काय काय फेरफार करते, याचा अभ्यास या विषयात येतो. वेदनाग्रहण आणि दुखणं एक नव्हे हे आधी लक्षात घ्यावं. ग्रहण हे मज्जातंतूंमधलं विजेचं काम आणि दुखणं हा माणसाचा अनुभव. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९७९ सालची व्याख्या २०२० मध्ये सुधारली तेव्हा हा फरक मुद्दाम नोंदवला.

दुखणं कुठून उगम पावतं हा वाद जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात जखमेच्या वेदनांचे टोचल्यासारखी, फोडल्यासारखी, कापल्यासारखी असे प्रकार दिलेत (ग्रंथाचा काळ विद्वान इसवी सनाच्या मागंपुढं काही शतकं असा लावतात), पण तिथं कारण वात-पित्त-कफ अशा दोषांचं आहे, तंतूंचं नाही. युरोपातले बहुतेक कोश फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तपासून सुरुवात करतात, त्याचं लिखाण १६३० च्या आसपासचं असावं, छापलं मात्र मरणानंतर १६६० च्या दशकात, आणि त्यात विस्तवाजवळ पाय गेलेला पोरगा आहे, पायापासून मेंदूपर्यंत सरळ एक दोरा. पुढं १९ व्या शतकाच्या शेवटी दोन तट पडले. जर्मन शरीरशास्त्रज्ञ माक्स फॉन फ्रायनं काडीला केस चिकटवून कातडीचा एकेक ठिपका टोचून बघितला आणि दुखण्याचे ठिपके वेगळेच असतात असं मांडलं. दुसऱ्या तटातला जर्मन डॉक्टर गोल्डशायडर म्हणायचा वेगळं काही नाही, साधी संवेदनाच साठत जाऊन हद्दीबाहेर गेली की दुखतं. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ शेरिंग्टननं १९०६ च्या ग्रंथात इजा टिपणाऱ्या ग्राहींची (तंतूंच्या खास टोकांची) कल्पना नीट मांडली तरी पक्का पुरावा यायला साठेक वर्षं गेली. एडवर्ड पर्ल आणि सहकाऱ्यांनी १९६७ आणि १९६९ मध्ये मांजरांच्या एकेका तंतूचे विद्युतसंदेश टिपले आणि हळू स्पर्शाला गप्प बसणारे, इजा होईल एवढ्या दाबाला किंवा उष्णतेलाच जागे होणारे तंतू दाखवले. जुन्या नोंदी हा वाद बरोबरीत सोडतात, पण पुरावा बघता फ्रायचं पारडं जड वाटतं, फक्त ठिपका टोचला की दुखणं झालंच ही त्याची सरळ जोड टिकलेली नाही.

हे तंतू दोन जातीचे. ए-डेल्टा पातळ आवरणाचे, वेग सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर. सी तंतू बिनआवरणाचे, सेकंदाला ०.५ ते २ मीटर. ठेच लागल्यावर आधी सणक येते आणि मग ठणका सुरू होतो तो यामुळंच.

सगळ्यात भरीव भाग मिरचीचा. बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यात संकेश्वरला आणि पलीकडं गडहिंग्लजच्या बाजूला संकेश्वरी मिरचीचे देठ खुडले की हाताची आग नुसत्या पाण्यानं जात नाही, तेल चोळल्यावर जरा उतरते, आणि संध्याकाळी कोमट पाण्यात हात घातला की परत भडकते. मिरचीतलं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. डेव्हिड ज्युलियसच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये त्याचा ग्राही (इथं ग्राही म्हणजे तंतूच्या टोकावरचं, दारासारखं उघडणारं प्रथिन) शोधला, त्याचं नाव टीआरपीव्ही१, आणि गंमत म्हणजे तो सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेलाही उघडतो, म्हणजे तिखट आणि चटका मज्जासंस्थेला एकाच दारातनं येतात. कॅप्सेसिन लागलेलं असलं की उघडण्याची ही पातळी खाली येते, म्हणून कोमट पाणीही पोळतं. ब्याडगी रंगानं लालभडक असून तेवढी झोंबत नाही कारण तिच्यात कॅप्सेसिन कमी, ग्राहीला रंग कळत नाही. पक्ष्यांचा हाच ग्राही कॅप्सेसिनला दाद देत नाही, त्यामुळं पोपट मिरच्या खुशाल फोडतो. वारंवार लावलं तर तंतू बधिर होतात हे हंगेरीत यान्चोनं १९४० च्या दशकात दाखवलं, आजचे कॅप्सेसिनचे मलम आणि पट्ट्या त्यावरच आल्यात. स्पर्श-दाबाचे पिएझो ग्राही शोधणाऱ्या आर्डेम पटापूटियनबरोबर ज्युलियसला २०२१ चं नोबेल मिळालं.

खबर मज्जारज्जूत पोचली की तिथं चाळणी लागते. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये 'द्वार' सिद्धांत मांडला: स्पर्शाचे जाड तंतू चालू झाले की वेदनेची वाट काही प्रमाणात बंद होते, पोराचा गुडघा चोळल्यावर बरं वाटतं ते असं. त्यांच्या आराखड्यातली जोडणी पुढं तशीच्या तशी टिकली नाही, पण मज्जारज्जू नुसता निरोप पुढं ढकलत नाही हा मुद्दा टिकला. उलट्या बाजूनं क्लिफर्ड वुल्फनं १९८३ मध्ये उंदरांवर दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूतल्याच पेशी चाळवलेल्या राहतात आणि साध्या स्पर्शालाही दाद देतात. निपाणीत सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बायांची पाठ-मान सुट्टीच्या दिवशीही धरलेली असते, अशा जुन्या दुखण्यात या प्रक्रियेचा वाटा असू शकतो. एक्स-रेत काही दिसत नाही म्हणून दुखणं खोटं ठरवणं शास्त्राला धरून नाही.

मेंदूत वेदनेचं एकच केंद्र नाही. थॅलॅमस, इन्सुला, पुढचा सिंग्युलेट भाग असे बरेच भाग यात असतात. १९९७ मध्ये रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी संमोहनानं वेदनेचा त्रास तेवढा कमीजास्त केला तेव्हा सिंग्युलेट भागातला फरक दिसला. मोजमाप मात्र अजून रुग्णाच्या सांगण्यावरच आहे, आणि घरात मराठी, ओपीडीत कन्नड असं बोलणाऱ्या सीमाभागातल्या म्हाताऱ्या माणसाला 'दहापैकी किती' विचारताना त्याच्या भाषेत विचारलेलं बरं.

वेदना नसणंही घातक. कुष्ठरोगात तंतू बधिर होतात आणि न कळलेल्या जखमांनी बोटं झिजून आखूड होतात. उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत जन्मतःच दुखत नाही, त्यांच्यात एनएव्ही१.७ या सोडियम-मार्गाचा (सोडियम आत घेऊन तंतूत संदेश उठवणाऱ्या दाराचा) जनुक बिघडलेला असतो हे २००६ मध्ये कळलं. नेमकं त्याच मार्गाला अडवणारं औषध अजून बाजारात आलेलं नाही, पण शेजारच्या एनएव्ही१.८ ला अडवणाऱ्या सुझेट्रिजिनला अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मध्यम ते तीव्र, थोड्या दिवसांच्या दुखण्यासाठी परवानगी मिळाली, ते अफूवर्गातलं नाही.