'लेस' चुकीचं कधीपासून झालं?

इंग्रजीत 'कमी' म्हणायचं तर मोजता येतं त्याला 'फ्यूअर', मोजता येत नाही त्याला 'लेस'. शाळेत हे घोकलेलं असतं, तरी लिहिताना हात अडखळतोच. त्यात शिकणाऱ्याचा दोष फारसा नाही. इंग्रजीच्या वयाच्या मानाने हा नियम अगदी अलीकडचा. नवव्या शतकात आल्फ्रेड राजाच्या लेखनात 'कमी शब्द' म्हणताना 'लेस'चंच जुनं रूप येतं. १७७० साली रॉबर्ट बेकर यांनी इंग्रजी भाषेवरच्या आपल्या पुस्तकात लिहिलं, की शंभराच्या आकड्याआधी 'नो लेस दॅन'पेक्षा 'नो फ्यूअर दॅन' मला अधिक डौलदार आणि अधिक योग्य वाटतं. वाटतं, एवढंच! पुढच्या व्याकरणवाल्यांनी त्याचा कायदा केला.

मुळात एका अर्थाचे इतके शब्द जमले कसे? खाली जुनी इंग्रजी, तिच्यावर व्हायकिंगांची नॉर्स. 'शर्ट' इंग्रजीचा, 'स्कर्ट' नॉर्सचा, मूळ एकच. दोन्ही टिकले, म्हणून एक अंगात राहिला आणि दुसरा कमरेला गेला. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच आली. लॅटिन तर विद्वानांनी शतकानुशतकं ओतली. म्हणून 'आस्क' घरचा, 'क्वेश्चन' फ्रेंचकडून आलेला, 'इंटरॉगेट' लॅटिनमधला. तिन्हींत विचारणंच आहे, पण पोलीस 'इंटरॉगेट' करतात तेव्हा समोरच्याच्या घशाला कोरड पडते. आपणही हात देतो आणि हस्तक्षेप करतो. हात आणि हस्त एकच असले तरी अदलाबदल चालत नाही.

या शब्दांच्या सीमा आखायचं काम अठराव्या शतकात जोरात सुरू झालं. जॉन ट्रस्लर यांनी १७६६ मध्ये समानार्थी समजल्या जाणाऱ्या शब्दांतले फरक सांगणारं पुस्तक काढलं, १७९४ मध्ये हेस्टर पिओझी यांचं आलं, १८१६ मध्ये जॉर्ज क्रॅब यांचं. भेद टिपता टिपता काही भेद पाडलेही गेले असणार, असं मला वाटतं.

सगळ्यात गमतीची जोडी 'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड'. आज पहिला म्हणजे निःपक्षपाती, दुसरा म्हणजे रस नसलेला. सतराव्या शतकात नेमकं उलटं सापडतं: 'अनइंटरेस्टेड' निःपक्षपाती, आणि कंटाळलेला तो 'डिसइंटरेस्टेड'. आज कुणी कंटाळा आला म्हणून 'डिसइंटरेस्टेड' लिहिलं, की त्याखाली लाल रेघ ओढली जाते. बिचाऱ्याने नकळत जुनाच अर्थ वापरलेला असतो.