विरजणात आंबटपणाखेरीज आणखी काय तयार होते?

सांगलीत एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे झुकला की रात्री लावलेले विरजण पहाटेपर्यंत आंबून जाते आणि डिसेंबरच्या थंडीत तेच दही सकाळी उशिरापर्यंत अधमुरेच राहते. म्हणून हिवाळ्यात दह्याचे भांडे जाड कापडात गुंडाळून किंवा पिठाच्या डब्यात ठेवण्याची रीत घरोघरी आढळते. त्या उबेत जिवाणू दुधातल्या लॅक्टोज या साखरेचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. दुधाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ६.६ च्या आसपास असतो, तो ४.६ पर्यंत उतरला की केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना धरून राहतात आणि दही लागते. एवढे बहुतेकांनी शाळेत वाचलेले असते. मात्र आम्ल तयार होत असतानाच त्या भांड्यात आणखी बरेच काही घडते आणि किण्वनावरच्या, म्हणजे आंबवण्याच्या क्रियेवरच्या, आजच्या संशोधनाचा मोठा भाग त्याच शोधात गुंतलेला आहे.

येथे एक गोष्ट मनाशी पक्की धरायला हवी. जिवाणू आपल्या आरोग्यासाठी काहीही बनवत नाहीत. ते खातात, वाढतात आणि स्वतःचा बचाव करतात. त्या धडपडीत जे तयार होते किंवा मागे उरते, त्यातले काही आपल्या उपयोगी पडते. हे उपयोगी पदार्थ जास्त प्रमाणात देणारा जिवाणू निवडणे आणि त्याला योग्य कच्चा माल पुरवणे, हेच या क्षेत्रातले खरे कौशल्य आहे.

योगर्टसाठी जगभर वापरली जाणारी जोडी पाहा: स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. साधारण ४२ अंश सेल्सिअसला ही दोघे एकमेकांच्या आधाराने वाढतात. बल्गेरिकस दुधातली प्रथिने तोडतो, त्यातून सुटलेली अमिनो आम्ले थर्मोफिलसला मिळतात. थर्मोफिलस त्याच्या बदल्यात फॉर्मिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड पुरवतो. थर्मोफिलस फोलेट हे जीवनसत्त्वही तयार करतो, तर बल्गेरिकस सहसा ते वापरून टाकतो. त्यामुळे दह्यात फोलेट किती उरणार, हे त्या दोघांच्या प्रमाणावर आणि निवडलेल्या वाणांवर ठरते.

वाण हा शब्द येथे अगदी चपखल बसतो. थॉमसन आणि तास-ए-गणेश ही दोन्ही द्राक्षेच असली, तरी त्यांत फरक असतो, हे तासगावच्या बागायतदाराला समजावून सांगावे लागत नाही. जिवाणूंचेही तसेच असते. एकाच जातीचा एक वाण एखादे संयुग भरपूर बनवतो, तर दुसरा जवळपास बनवतच नाही. म्हणूनच घरच्या प्रत्येक दह्याला प्रोबायोटिक म्हणणे बरोबर नाही. पुरेशा संख्येने घेतल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक, अशी व्याख्या अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली केली. त्यासाठी वाण ओळखलेला असावा लागतो आणि त्याचा लाभ तपासलेला असावा लागतो. घरचे दही उत्तम अन्न आहे, यात मला शंका नाही. ते तपासलेले औषध मात्र नव्हे.

गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल, म्हणजेच गाबा, हे संयुग मला सर्वांत विलक्षण वाटते. आपल्या मेंदूत ते चेतापेशींची उत्तेजना आवरण्याचे काम करते. जिवाणूला मात्र ते वेगळ्याच कारणासाठी हवे असते. स्वतःच तयार केलेल्या आम्लात त्याचा जीव गुदमरू लागतो. तेव्हा काही लॅक्टोबॅसिलस वाण ग्लुटामेट हे अमिनो आम्ल पेशीत घेऊन त्यातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतात. या क्रियेत पेशीतला एक प्रोटॉन खर्ची पडतो, आतली आम्लता कमी होते आणि तयार झालेला गाबा बाहेर टाकला जातो. रक्तदाब किंचित वाढलेल्या लोकांवर अशा किण्वित दुधाचे लहान प्रयोग जपानमध्ये झाले असून त्यांत रक्तदाब थोडा उतरल्याचे दिसले. तथापि रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर गाबाला सहजी ओलांडता येत नाही, त्यामुळे 'मन शांत करणारे दही' अशा जाहिरातीवर लगेच विश्वास ठेवू नये.

प्रथिनांच्या तुकड्यांची कथाही अशीच आहे. लॅक्टोबॅसिलस हेल्वेटिकस अमिनो आम्लांसाठी केसीन तोडतो आणि त्यात तीन-तीन अमिनो आम्लांचे काही तुकडे सुटतात. रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या घडामोडीतल्या एका विकराला (एन्झाइमला) हे तुकडे अडवतात. प्रयोगशाळेत हा परिणाम स्पष्ट दिसतो, पण माणसांवरचे निष्कर्ष एकसारखे नाहीत आणि युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने रक्तदाबाचा दावा मान्य केलेला नाही.

आपल्या भागासाठी सोयाबीनचा विचार अधिक महत्त्वाचा आहे, कारण कृष्णाकाठी खरिपात हे पीक सर्रास घेतले जाते आणि बहुतेक माल तेलासाठी व पेंडीसाठी जातो. गेल्या वर्षी मी घरी सोयाबीन भिजवून, वाटून, उकळून दूध काढले आणि दोन बरण्यांत भरले. एक तशीच फ्रिजमध्ये ठेवली, दुसरीत चमचाभर विरजण घातले. दुसऱ्या दिवशी पहिलीचा कच्च्या शेंगेसारखा उग्र वास कायम होता. दुसरीत सैलसर दही लागले होते आणि तो वास बराच निवळला होता. सोयाबीनमधली आयसोफ्लेव्होन ही संयुगे मुख्यतः साखरेला जोडलेल्या स्वरूपात असतात. योग्य वाणाचे जिवाणू बीटा-ग्लुकोसिडेज या विकराने ती साखर तोडून स्वतः खातात आणि डेडझीन व जेनिस्टीन ही आयसोफ्लेव्होन मोकळी होतात, जी आतड्यात अधिक सहज शोषली जातात. पोटात वायू धरणाऱ्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा पचवणारा विकर माणसाकडे नाही, पण काही जिवाणूंकडे तो असतो. दूध न पचणाऱ्यांसाठी असे सोया दही येथेच तयार व्हावे, असे मला मनापासून वाटते.

बी-१२ जीवनसत्त्वाबद्दल मात्र गैरसमज नको. निसर्गात ते केवळ काही जिवाणू आणि आर्किया हे सूक्ष्मजीवच बनवतात, आणि गोळ्यांतले बी-१२ देखील मोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवूनच मिळवलेले असते. दह्यातल्या नेहमीच्या जिवाणूंना ते जमत नाही. कमतरता असेल तर दह्याची वाटी वाढवण्याऐवजी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

राहिला प्रश्न उष्णतेचा. दही उकळले की जिवाणू मरतात, मग सगळेच वाया जाते का? जत-आटपाडीकडच्या ज्वारीच्या आंबिलीत याचे उत्तर सापडते. ज्वारीतले फायटेट हे संयुग लोह आणि जस्त घट्ट धरून ठेवते, त्यामुळे ती शरीरात नीट शोषली जात नाहीत. पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवले की जिवाणू आम्ल तयार करतात आणि त्या आंबट वातावरणात धान्यातलाच फायटेज हा विकर कामाला लागून फायटेट तोडू लागतो. सकाळी आंबील शिजवताना जिवाणू मरतात, फायटेजही निकामी होतो. पण रात्रीतून फायटेटच्या पकडीतून सुटलेले लोह पातेल्यातच राहते.