सहाशेव्या डोंगरावरचा केक: वेल्समधल्या शिखरमोजणीची पार्श्वभूमी

वेल्समधल्या एखाद्या बिनगर्दीच्या डोंगरमाथ्यावर पंधरा-वीस माणसं जमतात. दोन रांगा करून चालायच्या काठ्या उंच धरतात, त्या कमानीखालून एक जण पुढे येऊन माथ्याला हात लावतो आणि मग केक कापला जातो. त्याचा सहाशेवा डोंगर झालेला असतो. हा आकडा सहाशेच का, डोंगर तोच का आणि सोबती कशासाठी, हे समजायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवात स्कॉटलंडची. 1891 मध्ये सर ह्यू मन्रो यांनी 3000 फुटांवरच्या स्कॉटिश शिखरांची यादी छापली. 1901 च्या सप्टेंबरात रेव्हरंड ए. ई. रॉबर्टसन यांनी ग्लेन को या दरीतल्या शिखरावर ही यादी संपवली. सोबत पत्नी आणि एक मित्र होता. त्यांनी आधी माथ्यावरच्या दगडांच्या राशीचं चुंबन घेतलं आणि मग पत्नीचं, ही हकीकत तिथल्या प्रत्येक भटक्याला ठाऊक असते. शेवटचा डोंगर एकट्याने नव्हे, आपल्या माणसांबरोबर चढायचा, हा रिवाज तेव्हापासूनचा म्हणता येईल. खुद्द मन्रोंनीही एक सोपा डोंगर शेवटासाठी राखून ठेवला होता. पण स्काय बेटावरचा अवघड सुळका आणि हा राखीव डोंगर दोन्ही बाकी असतानाच 1919 मध्ये ते गेले.

वेल्समध्ये 3000 फुटांवरची शिखरं जेमतेम पंधरा. दमदार माणूस ती चोवीस तासांच्या आत एका दमात करतो, त्यामुळे तेवढ्यावर आयुष्यभराचा छंद उभा राहत नाही. म्हणून याद्या खाली सरकल्या. मँचेस्टरच्या रकसॅक क्लबच्या वार्षिकात 1911 मध्ये कॉर्बेट यांची 2500 फुटांची यादी आली आणि पुढे 1940 मध्ये मॉस यांची वेल्समधल्या 2000 फुटांची. जॉन आणि अ‍ॅन नटॉल या दांपत्याने 1989 मध्ये वेल्सची 2000 फुटी शिखरं नव्याने तपासून मांडली. त्यांची कसोटी होती किमान 15 मीटर उठाव. उठाव म्हणजे त्या माथ्यावरून अधिक उंच जमिनीकडे जाताना कमीत कमी किती खाली उतरावं लागतं, तो आकडा.

खरा फरक पडला 1992 मध्ये. अ‍ॅलन डॉसन यांनी उंचीची अट काढूनच टाकली आणि फक्त 150 मीटर उठाव मागितला. अभिनेत्री मॅरिलिन मन्रोच्या नावावरून, मन्रोच्या जोडीला गमतीने या डोंगरांना ‘मॅरिलिन’ म्हणू लागले. परिणाम विलक्षण झाला. गार्नेद इगाइन हे 1065 मीटरचं, वेल्समधलं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर यादीत बसत नाही, कारण वेल्समधल्या सर्वोच्च स्नोडनपासून ते पुरेसं सुटं नाही. उलट लँडिडनो गावचा 207 मीटरचा ग्रेट ऑर्म बसतो, ज्यावर ट्राम जाते. होलीहेडचा 220 मीटरचा डोंगरही बसतो. या यादीने माणसाला देशाच्या कानाकोपऱ्यात नेलं, आणि आमच्या मते कुठल्याही उंचीच्या यादीपेक्षा हे मोठं काम आहे.

ब्रिटनमध्ये असे डोंगर साडेपंधराशेच्या आसपास आहेत, त्यातले दीडशेहून अधिक वेल्समध्ये. मात्र ही यादी संपवणं दीर्घकाळ अशक्यच मानलं जाई. स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटांजवळचे दोन समुद्री सुळके आडवे येत. तिथे गॅनेट पक्ष्यांची प्रचंड वसाहत आहे. पक्षी गेल्यावरच उतरता येतं, आणि तोवर समुद्र खवळलेला असतो. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये दोघांनी ते सुळके चढून पहिल्यांदा यादी पूर्ण केली. शेवटच हाती नसल्यामुळे मधल्या टप्प्यांना मान आला. 600 मॅरिलिन झाले की ते चढणाऱ्यांच्या ‘हॉल ऑफ फेम’ या मानयादीत नाव लागतं, आणि साजरा होतो तो बहुतेकदा हाच आकडा, नाहीतर हजारावा.

टप्प्याचा फायदा असा की डोंगर आपण निवडू शकतो. त्यासाठी वेल्स सोयीचं पडतं: मँचेस्टर-बर्मिंगहॅमहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येतं, आणि मे 2005 पासून तिथल्या मोकळ्या माळरानावर व डोंगरांवर पायी फिरण्याचा कायदेशीर हक्क आहे. निवडताना दोन तासांत माथा गाठता येईल, माथा रुंद गवताळ असेल आणि पायथ्याशी सात-आठ गाड्या मावतील असा डोंगर घ्यावा. क्रिब गोखसारखी धारदार कड यासाठी नको. स्नोडनही नको: माथ्यावर रांग लागते आणि पायथ्याचा पेन-अ-पास वाहनतळ आधी आरक्षित करावा लागतो.

घोटाळा बहुतेकदा आकड्यात होतो. तोच डोंगर पुन्हा चढला तर मोजत नाहीत. याद्याही बदलत राहतात. 2008 मध्ये तिघा हौशी सर्वेक्षकांनी उपग्रह उपकरणाने मनिद ग्राइग गोख मोजला. नकाशावर 609 मीटर होता, तो 609.75 निघाला. 2000 फूट म्हणजे 609.6 मीटर, म्हणून 15 सेंटिमीटरने तो यादीत आला आणि ‘यादी पूर्ण’ म्हणणाऱ्यांना पुन्हा बूट बांधावे लागले. 2010 मध्ये ग्लिडर वाउर 999 चा 1001 मीटर झाला. म्हणून तारीख ठरवण्याआधी नोंदवही ताज्या यादीशी ताडून पाहावी. 599 वा डोंगर आदल्या दिवसावर टाकू नये, कारण तो हवामानाने हुकला तर पाहुणे येतात आणि साजरा होतो तो 599 वा.

दुसरी चूक माथ्यावरची. 1936 पासून उभारलेले त्रिकोणमितीचे खांब दूरवर नजर जावी म्हणून बांधले होते, ते नेहमी सर्वोच्च बिंदूवर नसतात. काडाइर बेरविनवर खांबाच्या दक्षिणेचा कडा खांबापेक्षा काही मीटर उंच आहे. आधी खऱ्या माथ्याला हात लावावा, केक मग.

केक मलईचा नको. चहात भिजवलेल्या मनुका-बेदाण्यांचा ‘बारा ब्रिथ’ नावाचा वेल्श केक पत्र्याच्या डब्यातून न मोडता वर पोचतो आणि थंडीत घट्टही होत नाही. मेणबत्त्या वाऱ्यात टिकत नाहीत. काचेचे पेले, फुगे आणि कागदी कपटे घरीच ठेवावेत. पायथ्यापासून 600 मीटर वर तापमान साधारण 4 अंशांनी उतरलेलं असतं, त्यातून घामेजलेली माणसं उभी राहिली की वीस मिनिटांत कुडकुडतात. जाड जाकीट पोचल्या पोचल्या चढवावं, भाषण दोन मिनिटांचं ठेवावं आणि वाऱ्याच्या आडोशाला बसावं. आडोशासाठी माथ्यावरचे दगड मात्र हलवू नयेत. पेन अ व्हॅन, कॉर्न डी अशा अनेक माथ्यांवरच्या राशी म्हणजे कांस्ययुगातली दफनस्थळं आहेत.